दशकाची जाण आणि रोजचा हिशेब : भंडारदरा परिसरातील प्राथमिक गणितशिक्षणासाठी मार्गदर्शन

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे आणि त्यांच्या वाड्या वसलेल्या असून, तेथील मुलांमध्ये महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांतील मुलांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांचे प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत किंवा राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत होते. भातशेती, हिरड्यासारखा वनोपज आणि अलीकडच्या काळात वाढलेले पर्यटन यांवर येथील कुटुंबांची गुजराण चालत असल्यामुळे मोजणी, मापन आणि पैशांची देवघेव या तिन्ही गोष्टी मुलाच्या कानावर आणि हातांत पहिलीच्या वर्गात बसण्याआधीच आलेल्या असतात. असे असूनही, कणसांच्या विक्रीतील सुटे पैसे बिनचूक परत देणारे मूल फळ्यावर उभी मांडलेली वजाबाकी दिसताच अडखळते, आणि या अडखळण्याचा अर्थ ‘मूल गणितात कच्चे आहे’ असा लावला जातो. तो अर्थ बरोबर नाही. मुलाचा तोंडी हिशेब आणि शाळेतील लेखी रीत या दोहोंच्या मध्ये एक संकल्पना उभी असते, ती म्हणजे दहा सुट्यांचा एक गठ्ठा करून त्या गठ्ठ्याला स्वतंत्र एकक मानण्याची, अर्थात दशकाची जाण. ती पक्की न होताच मूल पुढच्या इयत्तेत गेले की पुढील जवळजवळ प्रत्येक प्रकरण त्याला परके वाटू लागते. प्राथमिक गणित सुधारण्याचे प्रयत्न म्हणूनच पहिली ते तिसरीतील या एका जागी सर्वाधिक वेळ देऊन करावेत.

तोंडी हिशेब आणि लेखी रीत यांतील अंतर भंडारदऱ्यापुरते मर्यादित नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे इत्यादी विकणाऱ्या मुलांचा तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालूसिया श्लीमन यांनी केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विक्री करताना विचारलेले हिशेब मुलांनी सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर सोडवले, परंतु तेच हिशेब कागदावर नुसत्या आकडेमोडीच्या रूपात दिल्यावर हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही असेच चित्र दिसले, आणि त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: केवळ शाळेत जाणारी मुले पुस्तकी उदाहरणे तुलनेने बरी सोडवत असली तरी बाजारातील साध्या व्यवहारात ती मागे पडत होती. एका बाजूचे कौशल्य दुसऱ्या बाजूला आपोआप वाहून जात नाही, हा या दोन्ही अभ्यासांतून शिक्षकाने घ्यावयाचा बोध आहे. ते नेण्याचे काम कोणीतरी जाणीवपूर्वक करावे लागते, आणि प्राथमिक शाळेत ते शिक्षकाकडेच येते. ग्रामीण भारतातील मुलांच्या पायाभूत क्षमतांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतील सुमारे ३१ टक्के मुलेच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकली. उरलेल्या बहुसंख्य मुलांची अडचण भागाकाराच्या प्रकरणात शोधली जाते, पण तिचे मूळ बहुधा दुसरी-तिसरीतील स्थानिक किमतीत असते.

स्थानिक किंमत म्हणजे अंकाला तो ज्या जागी लिहिला आहे त्या जागेमुळे मिळणारी किंमत: ४३ मधील ४ हा अंक चार दाखवत नाही, तो चार दशक म्हणजे चाळीस दाखवतो. मराठी बोलणाऱ्या मुलासाठी या संकल्पनेत एक जादा पायरी आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र ४ आधी येतो आणि ३ नंतर. त्यामुळे ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ३४ लिहिते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच ऐकत असते. ‘एकोणचाळीस’ या शब्दात चाळीस ऐकू येतात, पण संख्या तिसाच्या घरातील आहे. म्हणून ३९ ऐवजी ४९ लिहिले जाते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘पुढच्या दशकाला एक कमी’ अशी रीत चालते आणि नव्व्याण्णवला ती सुटते. याशिवाय बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट यांत दोनाचे रूप दर वेळी थोडे बदलते. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला दशक आधी आणि एकक नंतर ऐकू येत असल्याने हा अडसर त्याच्यापुढे नसतो, तर जर्मन मुलाला मात्र मराठी मुलासारखाच उलटा क्रम हाताळावा लागतो आणि तेथेही अंकांच्या अदलाबदलीच्या चुका अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत.

बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली प्रचलित नावांबरोबर ‘वीस एक’, ‘चाळीस तीन’ अशी संख्यावाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा डॉ. मंगला नारळीकर या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यावर झालेला वाद विधिमंडळापर्यंत पोहोचला आणि भाषेच्या अस्मितेच्या प्रश्नात वर्गातील मुलाचा प्रश्न मागे पडला. वास्तविक या दोन रीतींत निवड करण्याची गरजच नाही. पहिली-दुसरीत काही महिने प्रत्येक संख्या तिहेरी उच्चारावी: काड्यांकडे पाहून ‘चार दशक तीन’, मग ‘चाळीस आणि तीन’, आणि शेवटी ‘त्रेचाळीस’. प्रचलित नाव मुलाला समाजात वावरण्यासाठी हवे आहे, तर फोड करून घेतलेले नाव संख्येची रचना समजण्यासाठी हवे आहे, आणि रचना समजली की प्रचलित नावाचा गोंधळ झपाट्याने कमी होतो. ज्या मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी आहे त्यांच्याबाबत हे आणखी आवश्यक आहे. मोजताना मुलाने घरचे शब्द वापरले तर ते स्वीकारून त्याच दमात शाळेचा शब्द जोडावा, चूक म्हणून थांबवू नये.

दशक शिकवण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, पण साहित्याचा क्रम चुकला तर त्याचा उपयोगही होत नाही. पहिल्या टप्प्यावर मुलांनी स्वतः काड्या, चिंचोके किंवा खडे मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. तयार गठ्ठे हाती दिले तर ‘यात दहाच आहेत’ हे मुलाला मानून घ्यावे लागते, परंतु स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात दहा आहेत हे त्याला ठाऊक असते, आणि पुढे गठ्ठा सोडण्याची वेळ आली की हाच फरक निर्णायक ठरतो. दुसऱ्या टप्प्यावर गठ्ठ्यांची चित्रे येतात, म्हणजे दशकासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब. आणि तिसऱ्या टप्प्यावर अंक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी कृती, प्रतिमा आणि चिन्ह अशा ज्ञानाच्या तीन रूपांचे विवेचन केले आहे, आणि सिंगापूरच्या प्राथमिक गणिताची आखणी याच विचारावर उभी आहे. आपल्या शाळांत मात्र पहिला टप्पा आठवड्याभरात उरकला जातो, दुसरा बहुधा गाळला जातो आणि उरलेले वर्ष तिसऱ्या टप्प्यावर खर्च होते. अंकलेखनासाठी कार्डे करावीत: १० ते ९० या दशकांची रुंद कार्डे आणि १ ते ९ ची अरुंद कार्डे. ‘त्रेचाळीस’ ऐकल्यावर मुलाने ४० चे कार्ड काढून त्याच्या शून्यावर ३ चे कार्ड ठेवावे, म्हणजे ४३ मागे ४० दडलेले आहेत हे हाताने अनुभवास येते. वापरलेल्या पुठ्ठ्यातून असा संच एका दुपारी तयार होतो.

हातच्याच्या वजाबाकीचे एक उदाहरण येथे सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल. ५२ वजा २७ हे गणित उभे मांडल्यावर अनेक मुले उत्तर ३५ लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो. एककाच्या घरात २ आणि ७ दिसतात, दोनातून सात जात नाहीत हे मुलाला कळते, आणि ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा शिकवलेला नियम लावून ते सातातून दोन वजा करते. दशकात पाचातून दोन जाऊन तीन उरतात. मूल येथे नियम पाळत आहे, पण तो नियम संख्यांऐवजी सुट्या अंकांना लावत आहे. अशा मुलाला ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घे’ हे वाक्य पुन्हा ऐकवून काही साधत नाही, कारण शेजारून घेतलेला ‘एक’ आल्यावर दोनाचे बारा कसे होतात हे त्या वाक्यातून कळत नाही. त्याऐवजी मुलापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून ‘यातून सत्तावीस मला दे’ असे सांगावे आणि गप्प राहावे. मूल दोन गठ्ठे देते, दोन सुट्या काड्या देते, मग थांबते, आणि थोड्या वेळाने स्वतःच एक गठ्ठा सोडते. दोरा सुटण्याचा तो क्षण म्हणजेच ‘दशक सुटा करणे’. त्यानंतर जे घडले ते फळ्यावर अंकांत लिहावे: पाच दशकांचे चार झाले, दोन सुट्यांचे बारा झाले, बारातून सात गेले पाच राहिले, चार दशकांतून दोन गेले दोन राहिले, उत्तर २५. लिहिणे हे केलेल्या कृतीचे टिपण आहे असे मुलाला वाटले पाहिजे.

याच गणिताची दुसरी वाट मुलाच्या व्यवहारातून येते. रंधा धबधब्याच्या वाटेवर किंवा कळसूबाईच्या पायथ्याशी कणसे, उकडलेली अंडी, करवंदे, जांभळे विकणाऱ्या घरातील मूल सुटे परत देताना वजाबाकी करत नाही, ते चढत मोजते: सत्तावीस झाले, तीन दिले की तीस, वीस दिले की पन्नास, आणखी दोन दिले की बावन्न, म्हणजे परत द्यायचे तीन, वीस आणि दोन मिळून पंचवीस. ही रीत गणिताच्या दृष्टीने पूर्णपणे निर्दोष आहे, कारण वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधील अंतरही असते. शिक्षकाने ती फळ्यावर एका आडव्या रेघेवर, ज्याला मोकळी संख्यारेषा म्हणतात, २७ पासून ५२ पर्यंतच्या उड्यांच्या रूपात काढून दाखवावी, आणि काड्यांच्या रीतीने आलेल्या उत्तराशी ती ताडून पाहण्यास मुलांना सांगावे. दोन वाटांनी एकच उत्तर आले की बाजारातील हिशेब आणि वहीतील हिशेब एकच आहेत हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. मात्र मुलाची कामे किंवा कुटुंबाची गरज वर्गात चर्चेचा विषय होणार नाही याची काळजी शिक्षकाने घ्यावी. दुकानाचा खेळ सर्वांनी मिळून खेळावा आणि ज्यांना हिशेब येतो त्यांच्याकडे गल्ला द्यावा.

गुणाकारासाठी या परिसरात भातशेतीइतके समृद्ध साहित्य दुसरे नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चारसूत्री भात लागवडीत रोपांची आवणी खुणा केलेल्या दोरीवर केली जाते. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशी अंतरे आलटून-पालटून असतात, प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एक चूड लावला जातो आणि जवळच्या चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी खोचली जाते. अशी एक दोरी शाळेच्या अंगणात ताणावी. पहिल्या खुणेला शून्य मानले तर पुढच्या खुणा १५, ४०, ५५, ८०, ९५, १२० सेंटिमीटरवर येतात. एकाआड एक खूण घेतली की ४०, ८०, १२० असा चाळीसचा पाढा दोरीवर उमटतो, आणि ‘पाचवी जोडी कोठे संपेल’ या प्रश्नाचे उत्तर मूल आधी मनात काढून मग मोजपट्टीने पडताळू शकते. दोन दोऱ्या शेजारी ठेवल्या की चौक दिसू लागतात आणि ‘एका चौकाला चार चूड व एक गोळी, तर नऊ चौकांना किती’ हा प्रश्न चारचा पाढा म्हणजे काय हे सांगतो. चौथी-पाचवीतील मुलांना आणखी पुढे नेता येते: दोन्ही दिशांनी ४० सेंटिमीटरच्या प्रत्येक चौरसात सरासरी चार चूड येतात, म्हणून दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद तुकड्यात असे २५ चौरस बसतात व त्यात १०० चूड असतात. येथे क्षेत्रफळ आणि गुणाकार एकत्र येतात, आणि घरी वडीलधाऱ्यांना विचारून उत्तर ताडण्याची सोयही आहे.

पाढ्यांच्या पाठांतराला अलीकडे कमी लेखले जाते, ते योग्य नाही. भागाकार करताना सात आठे छप्पन्न हे क्षणात आठवले नाही तर मुलाचे सारे लक्ष तेथेच अडकून पडते. परंतु पाठांतर अर्थाच्या मागून यावे. सातचा पाढा पाचच्या आणि दोनच्या पाढ्यांतून तयार होतो, म्हणजे सात सहा हे पाच सहा तीस आणि दोन सहा बारा मिळून बेचाळीस, हे एकदा ओळी मांडून पाहिलेल्या मुलाला विसरलेला पाढा परत उभा करता येतो. भागाकारातही हीच फोड उपयोगी पडते: ८४ रोपे सहा ओळींत सारखी लावायची असतील तर प्रत्येक ओळीत आधी दहा लावून साठ संपवावीत, उरलेली चोवीस चार-चार लावावीत, म्हणजे चौदा हे उत्तर येते. दशकाची जाण येथे पुन्हा कामास येते, आणि लांब भागाकाराची प्रचलित रीत ही याच कृतीचे आखूड लेखन आहे हे नंतर सांगितले म्हणजे पुरते.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी मुलाजवळ मोठा ठेवा आहे आणि शाळा त्याकडे पाठ फिरवते. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घराघरांत चालतात; जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेतले जात, आणि १९५७ मध्ये दशमान नाणी व त्यानंतर मेट्रिक वजनमापे आल्यावर ते हळूहळू अभ्यासातून गेले. ते सगळे परत आणण्याचे कारण नाही. परंतु धान्य मोजण्याची मापे ज्या घरांत अजून आहेत तेथून ती एका दिवसासाठी शाळेत आणवावीत. प्रचलित कोष्टकानुसार दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली होते. म्हणजे पायली एक धरली तर अधोली निम्मी, शेर पाव, मापटे एक-अष्टमांश आणि चिपटे एक-षोडशांश. अपूर्णांकांत मुलांची सर्वांत चिवट चूक ही की आठ हा चारापेक्षा मोठा असल्यामुळे एक-अष्टमांशही एक-चतुर्थांशापेक्षा मोठा असावा असे त्यांना वाटते. पायली भरण्यासाठी मापटे आठ वेळा ओतावे लागते आणि शेर चारच वेळा, हे स्वतः ओतून पाहिलेल्या मुलाला छेदाचा अर्थ कळतो. मापाचा प्रत्यक्ष आकार गावोगाव थोडा बदलतो, तेव्हा आणलेली मापे एकाच घरातील असावीत.

मोठ्या संख्यांसाठी धरणच पुरेसे आहे. भंडारदऱ्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे आणि पावसाळ्यात साठ्याचा आकडा वर्तमानपत्रांतून रोज येतो. ‘अकरा हजार एकोणचाळीस’ हे ऐकून अंकांत लिहिण्यास चौथीच्या मुलांना सांगितले तर काही जण ११०००३९ लिहितात, म्हणजे ऐकलेले तुकडे एकापुढे एक ठेवतात, आणि काही जण ११३९ लिहून शतकाच्या घरातील शून्य गाळतात. शून्य येथे ‘काही नाही’ एवढेच सांगत नाही, शतकाचे घर रिकामे आहे आणि तरीही ते राखून ठेवले पाहिजे हे सांगते; घरांचा तक्ता आखून त्यात संख्या बसवली की हे दिसते. खालच्या बाजूच्या निळवंडे धरणाची क्षमता ८,३२० दशलक्ष घनफूट आहे, दोहोंची बेरीज १९,३५९ येते, आणि दररोजच्या साठ्यातील फरक काढून त्याचा आलेख भिंतीवर रंगवता येतो. भूमितीसाठी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरातील नक्षीत सममितीचे नमुने विपुल आहेत. सहलीच्या दिवशी मुलांनी ते वहीत उतरवून आणावेत.

शाब्दिक उदाहरणांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी अशी खुणेच्या शब्दांची युक्ती अनेक ठिकाणी शिकवली जाते आणि तिने मुलांचे नुकसान होते. ‘एकूण ३५ कणसांपैकी १८ विकली गेली, तर आणखी किती विकायची आहेत’ या उदाहरणात ‘एकूण’ आहे आणि बेरीज नाही. उदाहरण आधी संख्यांविना गोष्टीसारखे सांगावे, मुलांनी ते आपल्या शब्दांत परत सांगावे किंवा त्याचे चित्र काढावे, आणि त्यानंतरच संख्या द्याव्यात. आठवड्यातून एकदा मुलांनीच उदाहरणे रचावीत. ५२ − २७ साठी गोष्ट रचू शकणाऱ्या मुलाला वजाबाकी समजली आहे याबद्दल शंका राहत नाही.

वाड्यांवरील शाळांत बहुधा दोनच शिक्षक असतात, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात, आणि एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. या परिस्थितीत इयत्तेपेक्षा स्तर पाहून गट करणे श्रेयस्कर ठरते. प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे तोंडी बोलून त्याला सुट्या वस्तू मोजता येतात का, दोन अंकी संख्या गठ्ठ्यांनी दाखवता येते का, हातच्याची वजाबाकी करता येते का आणि सारखे वाटप करता येते का, एवढेच पाहावे आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘कसे काढलेस?’ असे विचारावे. उत्तर बरोबर असतानाही हा प्रश्न विचारला जावा, नाहीतर तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची सूचना असे मुले समजू लागतात. नोंदवहीत गुणांऐवजी चुकीचा प्रकार लिहावा: ‘अंकांची अदलाबदल’, ‘शून्य गाळतो’, ‘लहान-मोठ्याची वजाबाकी’. ज्या दिवशी शिक्षक एका गटाला दशक सुटा करणे शिकवत असतील त्या दिवशी दुसरा गट संख्याकार्डांचा खेळ खेळेल आणि तिसरा स्वतः रचलेली उदाहरणे एकमेकांना देईल, अशी आखणी आदल्या दिवशीच करून ठेवावी.

शालेय पोषण आहार हा रोजचा तयार पाठ आहे. प्राथमिक इयत्तांसाठी दरडोई १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. ३७ मुले हजर असतील तर ३,७०० ग्रॅम, म्हणजे ३ किलो ७०० ग्रॅम तांदूळ आणि ७४० ग्रॅम डाळ लागेल हा हिशेब चौथी-पाचवीतील दोन मुलांनी आळीपाळीने फळ्यावर मांडावा आणि शिक्षकांनी तो तपासून मगच धान्य काढून द्यावे. शंभराने गुणणे, ग्रॅमचे किलो करणे आणि दशांश चिन्ह या तिन्ही गोष्टी त्यातून वर्षभर घटवल्या जातात. निवासी आश्रमशाळेत घरचा सराव शक्य नसतो, तेव्हा तेथील अधीक्षक व शिक्षक यांनी संध्याकाळच्या अभ्यासवेळेतील काही भाग पत्ते, फासे, सागरगोटे यांसारख्या मोजणीच्या खेळांसाठी राखून ठेवावा.

पालक शिकलेले नसले तरी त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आईने तांदूळ मोजताना मापे मुलाकडून मोजून घ्यावीत, राजूरच्या आठवडे बाजारात भाजी घेताना बेरीज मुलाला करू द्यावी, आजोबा-आजींनी मण-खंडीचे जुने हिशेब सांगावेत. उत्तर चुकले तर ओरडू नये आणि घाईने बरोबर उत्तरही देऊ नये. पुन्हा मोजून पाहण्यास सांगणे पुरते. मुलगी असो वा मुलगा, हिशेबाचे काम दोघांकडे सारखे जावे, कारण पैशांचा व्यवहार मुलाकडे आणि घरकाम मुलीकडे अशी वाटणी झाली की तोंडी हिशेबाचा सराव मुलींच्या वाट्याला कमी येतो.

वर्षाची आखणी येथील ऋतूंना धरून करावी लागते. जूनच्या मध्यास शाळा सुरू होते आणि जुलैत आवणीची लगबग चालू असताना काही मुलांची हजेरी तुटक होते. तोंडी पाहणी आणि गठ्ठे बांधण्याचे काम म्हणून जूनमध्येच उरकावे, आणि आवणीच्या दिवसांत एकमेकांवर अवलंबून नसलेले पाठ, म्हणजे आकार, नमुने, धरणसाठ्याचे आकडे, घ्यावेत, जेणेकरून चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचा धागा तुटणार नाही. भात कापून-झोडून घरात आल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मापे आणि अपूर्णांक घ्यावेत, कारण त्या वेळी मापेही घरोघरी बाहेर निघालेली असतात. प्रदीर्घ गैरहजेरीनंतर परतलेल्या मुलाला थेट वर्गाच्या चालू प्रकरणात बसवू नये; त्याच्याशी तीच पाच मिनिटांची बोलणी पुन्हा करून, ज्या गटात त्याचे दशक पक्के होईल त्या गटात त्याला आधी दोन आठवडे ठेवावे, आणि केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवून इतर शाळांच्या शिक्षकांशी त्यांची चर्चा करावी.